हप्ता तिचा, हिशेब घराचा

मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावलं, की पीककर्ज देताना शेतकऱ्याला सिबिल विचारू नका, विचाराल तर गुन्हे दाखल होतील. वऱ्हाडात या बातमीचं स्वागत झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण 'शेतकरी' म्हटलं की आपल्यासमोर सातबारावर नाव असलेला पुरुषच उभा राहतो. बाईच्या सिबिलबद्दल त्या दिवसांत कुणी अवाक्षर काढलं नाही. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत काम करताना हा शब्द मला बायांच्याच तोंडून जास्त ऐकू येतो. "माहा सिबिल खराब हाय म्हनते, आता कोनताच फायनान्सवाला दारात उभा नाही राह्यत," असं मूर्तिजापूरकडची एक बाई परवा सांगत होती. तिने एकही हप्ता चुकवलेला नव्हता.

सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव. कर्जदारांची माहिती गोळा करून, तिचा हिशेब मांडून तो बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना विकणाऱ्या अशा चार कंपन्या देशात आहेत. २००५ च्या कायद्याने त्यांना मान्यता दिली. बाईने किती ठिकाणी कर्ज उचललं, हप्ते कधी भरले, यावरून तिला ३०० ते ९०० यांमधला एक आकडा मिळतो. पूर्वी ही माहिती महिन्याने पोचायची, जानेवारी २०२५ पासून ती पंधरा दिवसांनी पोचवणं सक्तीचं झालं आहे. हप्ता गोळा करणाऱ्या पोराच्या हातात आता वहीऐवजी मोबाइल असतो. आधारचा नंबर टाकला की बाईला कर्ज मिळणार की नाही, हे ती चहाला आधण ठेवेपर्यंत कळतं. का नाही मिळणार, हे मात्र त्या पोरालाही ठाऊक नसतं. "सिस्टिम घेत नाही," एवढंच तो सांगतो.

धंद्यासाठी वऱ्हाडची मोजदाद व्हावी, यात नवं काही नाही. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली, आणि तारायंत्राने इथल्या कापसाचा बाजार थेट लिव्हरपूलशी जोडला गेला. गाठी किती आणि भाव काय, हे तारेवरून जायचं. कापूस वेचणाऱ्या हातांची बातमी त्या तारेत नसायची. आज तार जाऊन यंत्र आलं आहे आणि ते थेट वेचणारीचंच नाव मागतं, एवढा फरक पडला.

नव्वदच्या दशकातल्या बचत गटांची वही गटाकडेच असायची. एखादीचा हप्ता राहिला तर का राहिला, हे सगळ्यांना ठाऊक असायचं: पोरगं दवाखान्यात होतं, की नवऱ्याने पैसे हिसकावले. त्या वहीचे गोडवे मला गायचे नाहीत. गटाचा जाचही बायांनी भोगला आहे, जातीवरून कोणाला बाहेर ठेवलं हेही आपण पाहिलं आहे. पण त्या वहीपुढे बसून बाई भांडू शकत होती. सिस्टिमशी भांडायला ती कुठे जाणार?

नियम वाईट हेतूने झालेले नाहीत. २०१० मध्ये आंध्रात सूक्ष्म कर्जाच्या वसुलीने हाहाकार उडवला, त्यानंतर एकाच बाईवर चार-चार कर्जं लादली जाऊ नयेत यासाठी कंपन्यांनी माहिती एकत्र ठेवावी, असं ठरत गेलं. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नवी चौकट आणली. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारणाशिवाय दिलेलं कर्ज ते सूक्ष्म कर्ज, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. हे बंधन हवंच होतं. माझा आक्षेप 'कुटुंब' या शब्दाला आहे. त्याची व्याख्या नवरा, बायको आणि अविवाहित मुलं अशी आहे. म्हणून कर्ज बाईचं असलं तरी नवऱ्याचंही आधार कार्ड मागतात आणि त्याचीही कर्जं तपासतात.

आता मूर्तिजापूरच्या बाईचं कोडं सुटतं. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला. फारकत झालेली नाही, कारण कोर्टाला ना पैसा ना वेळ. त्याने मोटारसायकलीसाठी घेतलेलं कर्ज थकलं. कागदावर ते दोघं अजून एक कुटुंब आहेत. तिला दोन शेळ्या घ्यायच्या होत्या. परित्यक्ता स्त्रीला रेशन कार्डावर वेगळं नाव मिळावं म्हणून महाराष्ट्रातल्या बायांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. तीच लढाई आता संगणकाच्या आत जाऊन बसली आहे, आणि तिथे मोर्चा नेता येत नाही.

दुसरी गोष्ट हप्त्याची. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीला गोडं पाणी नाही, म्हणून शेती बरीचशी पावसावर. बाईच्या हाती पैसा येतो तो निंदणाला आणि कापूस वेचणीला. मधले महिने कोरडे. यंत्र मात्र वर्षाच्या उत्पन्नाला बाराने भागतं आणि हप्ता दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला मागतं. उन्हाळ्यात तो कुठून येतो? डोरलं गहाण पडतं, शेजारणीकडून उसने घेतले जातात, पोरीची फी राहते. हप्ता वेळेवर भरला गेला की यंत्र तिला चांगली कर्जदार ठरवतं आणि पुढच्या वेळी मोठं कर्ज देऊ करतं. तिची उपासमार तिच्या आकड्यात गुण म्हणून जमा होते. कर्जाचे पैसे नेमके कुणाच्या हाती गेले, हा रकाना तर कुठल्याच अर्जात नाही.

पुढे येऊ घातलेलं याहून मोठं आहे. जमिनीची नोंद, उपग्रहाची चित्रं, दुधाचा हिशेब असं सारं एका ठिकाणाहून सावकारी संस्थांना मिळावं अशी सोय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ पासून प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. महाराष्ट्रात एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो सातबाऱ्यावरून मिळतो. ज्या विधवेचं नाव सातबाऱ्यावर चढलं नाही, तिने तीस वर्षं कसलेलं शेत या हिशेबात तिचं नाहीच. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ४० टक्के जणींना पतीच्या शेतजमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. यंत्र जेवढं हुशार होईल तेवढी ही जुनी चोरी पक्की होत जाईल.

रिझर्व्ह बँकेच्याच समितीने, पुष्पक भट्टाचार्य तिचे अध्यक्ष होते, ऑगस्ट २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी अहवाल दिला. त्यातल्या तत्त्वांत न्याय्य वागणूक आहे, आणि यंत्राचा निर्णय समजण्याजोगा असावा हेही आहे. माझं म्हणणं असं, की ही समज मुंबईच्या कार्यालयात संपू नये. कर्ज नाकारलं तर कारण मराठीत, लेखी, बाईच्या हातात द्या. आणि एकटी राहणारी बाई हे स्वतंत्र कुटुंब धरा. सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका यांचा दाखला त्यासाठी पुरेसा मानावा. खोटे दाखले निघतील, असं मला एका कंपनीच्या अधिकाऱ्याने ऐकवलं. उत्पन्नाचे निघतातच की, तेव्हा चालतात.

तोवर जे हातात आहे ते वापरू या. स्वतःचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रार करता येते, आणि ३० दिवसांत निकाल लागला नाही तर २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. मात्र अहवाल मागवला की ओटीपी येतो तो कर्जाच्या वेळी दिलेल्या मोबाइलवर. तो नंबर कुणाचा, असं मी मीटिंगमध्ये विचारते. "घरच्या माणसाचा, नाही तं पोट्ट्याचा," असंच उत्तर बहुतेक ठिकाणी येतं. नंबर बदलायचा तर तालुक्याच्या शाखेत जावं लागतं, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आम्ही आता दहा-बारा जणी मिळून, कामं मंदीत असताना, एकाच दिवशी जातो.