शेवटच्या बाकाचा मास्तर

वीस वर्षे मास्तरकी केली, की बोलण्याची सवय हाडीमाशी खिळते आणि ऐकणे हे आपले कामच नव्हे, असे वाटू लागते. आमच्या घरची मंडळी हे मला वरचेवर सुनावतात. पण ते पटायला एक विलायती मास्तर भेटावा लागला. त्याचे नाव कॉलिन वेलंड.

१९३४ साली लँकशायरमधल्या ली या गावी जन्मलेला हा गडी मुळात शाळेत चित्रकला शिकवी. पुढे खडू ठेवून तो नट झाला आणि १९६२ साली सुरू झालेल्या बीबीसीच्या 'झेड कार्स' या मालिकेत डेव्हिड ग्रॅहम नावाचा साधा पोलीस शिपाई म्हणून घरोघरी पोहोचला. गंमत अशी, की शाळेने मात्र त्याची पाठ सोडली नाही.

१९६९ साली केन लोच यांनी 'केस' हा चित्रपट काढला. बार्न्सली या कोळशाच्या खाणींच्या मुलखातला बिली कॅस्पर हा पोरगा. घरात दुर्लक्ष, शाळेत मार, पहाटे उठून वर्तमानपत्रे टाकायची. त्याने एक ससाणा पाळलेला असतो. वेलंड त्याचा मास्तर झाला आहे. वर्गात तो बिलीला पुढे बोलावतो आणि त्या पाखराविषयी विचारतो. आधी एकेक तुटक शब्द येतो. मग पायांतल्या चामड्याच्या वाद्या, मांसाचा तुकडा, हातावर घेतलेली झेप असे सांगत पोरगा बोलत सुटतो. आणि मास्तर? तो ऐकत राहतो. या भूमिकेबद्दल वेलंडला ब्रिटिश अकादमीचा सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

तो प्रसंग पाहताना मी खुर्चीत अवघडून बसलो. माझ्याही वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा वर्षभर पेंगत असे. मी त्याच्यावर कोट्या केल्या, वर्ग हसला. निरोपसमारंभाच्या दिवशी कळले, की तो पहाटे चारला उठून घरोघर वर्तमानपत्रे टाकीत असे. माझ्या घरचेही त्यात होते!

वेलंडने पुढे लेखणी धरली. तासाला एक शिलिंग वाढ मागत १९७० साली रस्त्यावर उतरलेल्या लीड्सच्या शिवणकामगार बायांवर त्याने 'लीड्स युनायटेड' (१९७४) हे दूरचित्रवाणी-नाटक लिहिले. मग निर्माते डेव्हिड पटनम यांनी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या दोन धावपटूंची कथा त्याच्यावर सोपवली. एक ज्यू हॅरल्ड अब्राहम्स; दुसरा एरिक लिडेल, रविवारी धावणार नाही म्हणून शंभर मीटरची शर्यत सोडणारा आणि चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवणारा.

वेलंडने काय करावे? त्याने लंडनच्या वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, की त्या ऑलिंपिकच्या कुणाला काही आठवणी असल्यास कळवाव्यात! त्या सामन्यांत धावलेल्या ऑब्री माँटेग्यूच्या मुलाने, वडिलांनी आईला धाडलेल्या पत्रांच्या प्रती पाठवल्या. त्यांच्याच धाग्यात 'चॅरिअट्स ऑफ फायर' (१९८१) ओवला गेला.

१९८२ साली त्या पटकथेचे ऑस्कर घेताना तो गरजला, "इंग्रज येत आहेत!" हे वाक्य आपण आधीच भोगलेले. पण पुढच्याच वर्षी ते खरे ठरले आणि इंग्रजांनी ऑस्करच्या मंचावर कोणाला आणावे? साक्षात गांधीजींना! ॲटनबरोंच्या 'गांधी'ला आठ ऑस्कर मिळाली. त्यांतले वेशभूषेचे आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्या वाट्याला आले. लिडेल झालेला इअन चार्लसन तिथे चार्ली अँड्रूज झाला होता.

वेलंड २०१५ च्या नोव्हेंबरात गेला. अखेरची वर्षे त्याला स्मृतिभ्रंशाने ग्रासले होते. जाहिरात देऊन ज्याने दुसऱ्यांच्या आठवणी गोळा केल्या, त्याच्याच आठवणी अशा निसटल्या.

म्हणून म्हणतो, वाचकहो, विचारायचे ते वेळीच विचारावे. फराळाला घरात आजोबा असतील, मामी असतील, कोपऱ्यात न बोलणारा एखादा भाचाही असेल. त्याच्यापुढे चकलीची बशी ठेवा, एकच प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा. मीही यंदा तेच करणार आहे. दिवाळीत पहाटे वर्तमानपत्र टाकायला येणाऱ्या मुलापासून सुरुवात करीन म्हणतो. त्यासाठी आधी मला चारला उठावे लागेल.