ओठ शिवला म्हणजे झालं का? दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या बाळांचे उपचार अर्ध्यावर कुठे सुटतात?

बीड : ओठ किंवा टाळू दुभंगलेलं बाळ जन्माला आलं की घरात पहिला प्रश्न निघतो, ऑपरेशनला पैसे कुठून आणायचे? खरं तर हे ऑपरेशन मोफत होतं, आणि ते आजचं नाही. तरीही बोलता न येणारी, नाकात बोलणारी पोरं गावोगाव दिसतात. अडचण ऑपरेशनच्या बिलापेक्षा वेळ चुकण्याची जास्त आहे.

साधारण ७०० बाळांमागे एका बाळाला हा जन्मदोष असतो. म्हणजे प्रत्येक तालुक्यात दरवर्षी अशी काही बाळं जन्मतात.

सोय आहे, ती अशी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात येतात. दुभंगलेले ओठ-टाळू हा त्यातल्या जन्मदोषांपैकी एक. डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, तेच हे पथक. याशिवाय १९९९ मध्ये सुरू झालेली स्माइल ट्रेन ही संस्था ठिकठिकाणच्या रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियांसाठी पैसे देते. लातूरला डॉ. विठ्ठल लहाने यांच्याकडे अशा मोफत शस्त्रक्रिया बऱ्याच वर्षांपासून होत आल्या आहेत.

मग गाडी अडते कुठे?

पहिली अडचण : पाजायचं कसं

ओठाचं ऑपरेशन साधारण ३ ते ६ महिन्यांच्या दरम्यान करतात. पण भूल द्यायची तर बाळाचं वजन आणि रक्त पुरेसं लागतं. जुना ठोकताळा असा, की वय निदान १० आठवडे, हिमोग्लोबिन १० आणि वजन साडेचार किलोच्या आसपास हवं.

इथेच बाळं मागे पडतात. टाळू उघडी असली की बाळाला दूध ओढता येत नाही. तास तास छातीशी धरलं तरी पोट भरत नाही, दूध नाकातून येतं. यावर उपाय साधा आहे. आईचं दूध काढून वाटी-चमच्याने थोडं थोडं पाजायचं, बाळाला आडवं न ठेवता उभट धरायचं, मधेमधे ढेकर काढायची आणि दर आठवड्याला वजन करायचं. फक्त ओठ दुभंगलेला असेल तर बरीच बाळं अंगावरही पितात. आशाताई बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, तेव्हाच हे शिकवलं गेलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट. ओठ चांगला, पण आतून टाळू दुभंगलेली असंही असतं. ते वरून दिसत नाही. दूध नाकातून येत असेल तर बॅटरीच्या उजेडात तोंडात बघायलाच हवं.

दुसरी अडचण : माहेर, सासर आणि फड

पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी. बाळाची नोंद होते माहेरच्या गावात, दोन-तीन महिन्यांनी आई जाते सासरी, कधी दुसऱ्या तालुक्यात. तिथल्या आशाताईला या बाळाची खबर नसते. नाव यादीत राहतं, बाळ यादीतून सुटतं.

त्यात आपला जिल्हा ऊसतोडीचा. ऑगस्टमध्ये जन्मलेलं बाळ घ्या. ओठाच्या ऑपरेशनचं वय येतं नोव्हेंबरात. तोवर उचल घेतलेली असते, दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते. बाळ आईबरोबर फडावर, कोपीत. पथक अंगणवाडीत येतं तेव्हा बाळ कोल्हापूर-सांगलीकडे नाही तर कर्नाटकात. एप्रिलमध्ये गावी आलं तेव्हा आठ महिन्यांचं झालेलं असतं. तेव्हा ओठ शिवला, तर काही महिन्यांनी, पुढच्या दिवाळीच्या आत टाळूचं ऑपरेशन बसवावं लागतं. ती संधी हुकली की थेट त्यापुढच्या एप्रिलमध्ये, म्हणजे वीस महिन्यांचं झाल्यावर.

ऑपरेशन मोफत असलं तरी जाणं-येणं, सोबतच्या माणसाचं खाणं आणि बुडालेली मजुरी ही घराच्याच अंगावर पडते. मुकादमाचा हिशेब तर थांबत नाही.

तिसरी अडचण : ‘आता झालं की बरं’

ओठ शिवला की चेहरा सुधारतो. घरचे समाधानी होतात आणि पुढच्या तारखेला जातच नाहीत. पण बोलणं अवलंबून असतं टाळूवर. टाळूचं ऑपरेशन साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान व्हावं, म्हणजे मूल बोलायला लागायच्या सुमारास टाळू बंद झालेली असते. उशीर झाला की हवा नाकातून जाते, ‘प’, ‘क’, ‘ट’ नीट उमटत नाहीत आणि मुलाला तीच सवय लागते. मग नुसत्या ऑपरेशनने भागत नाही, वाचा उपचार जास्त दिवस करावे लागतात.

या मुलांच्या मधल्या कानात पाणीही साचतं, ऐकू कमी येतं. पोर ‘मंद’ आहे म्हणून मागच्या बाकावर बसवलं जातं, पण त्याचा कान तपासलेला नसतो. हिरडीत फट असेल तर ८ ते १० वर्षांच्या सुमारास तिथे हाड भरावं लागतं. दातांचे उपचार वेगळेच.

ग्रहणाचा बट्टा आईवर

‘ग्रहणात विळी हातात घेतली असेल’ हे अजूनही ऐकवलं जातं. ओठ आणि टाळू गरोदरपणाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच जुळतात. ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. काही घराण्यांत हा दोष असतो, धूम्रपान, आधीपासूनचा मधुमेह, फिटच्या काही गोळ्या यांनी धोका वाढतो, आणि अनेकदा ठराविक कारण सापडतच नाही. फिटच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत, दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. बोल लागला की बाई बाळाला पदराआड लपवते आणि तिथेच दोन-तीन महिने जातात.

काय करता येईल

यासाठी नव्या योजनेची गरज नाही. बाळाच्या नोंदीत माहेर आणि सासर दोन्ही गावं लिहावीत, दोन मोबाईल नंबर घ्यावेत. बाळ गाव सोडतंय कळलं की एका आशाताईने दुसरीला फोन करावा. टोळ्या निघण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पथकाने ऊसतोडीच्या गावांत अशा बाळांसाठी खास फेरी मारावी. ओठाच्या ऑपरेशननंतर घरी सोडतानाच टाळूची तारीख कार्डावर लिहून द्यावी. ग्रामपंचायतीने जाण्या-येण्याचं भाडं दिलं तर मोठं काम होईल.

घरच्यांनी एवढं करावं : आशाताई किंवा अंगणवाडीताईकडे नाव लिहून घ्यावं, प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी आणि कार्ड सांभाळून ठेवावं. फडावर जाताना ते कार्डही सोबत न्यावं. आणि वय उलटून गेलं म्हणून घरी बसू नये. पाच-दहा वर्षांच्या मुलाचंही ऑपरेशन होतं.