स्वस्त औषध हवेच, पण निर्दोष हवे!

बाजारात भाजी घेणारा ग्राहक ती निवडून घेतो, कापड घेणारा हाताळून घेतो. औषधाच्या दुकानात उभा असलेला रुग्ण मात्र दुसऱ्याने लिहिलेली चिठ्ठी पुढे करतो. पैसे मोजणारा निवड करीत नाही आणि निवड करणारा पैसे मोजत नाही. अशा बाजारात स्पर्धेमुळे किंमती आपोआप उतरतील, असे सांगणे ही निव्वळ फसवणूक आहे. एकच घटक असलेल्या गोळ्या वेगवेगळ्या व्यापारी नावांनी विकल्या जातात, त्यांच्या किंमतींत अनेक पटींचे अंतर असते. कंपन्यांची चढाओढ रुग्णाचा खर्च वाचवण्यासाठी नसते, ती डॉक्टरांच्या लेखणीसाठी असते.

यावरचा उपाय म्हणून जेनेरिक, म्हणजे मूळ रासायनिक नावाने मिळणाऱ्या औषधांकडे पाहिले जाते. ही औषधे भारताला कोणी दान दिलेली नाहीत. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी नाकारून केवळ निर्मितीप्रक्रियेला संरक्षण दिले आणि देशी कारखानदारी उभी राहिली. एड्सवरील उपचाराला पाश्चात्त्य कंपन्या प्रतिवर्षी दहा हजार डॉलरहून अधिक आकारत होत्या, तेव्हा २००१मध्ये सिप्लाने तोच उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी २००५मध्ये पदार्थावरील पेटंट मान्य करावे लागले. पण जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट उकळण्याची वाट संसदेने कलम ३(डी) घालून रोखली. रक्ताच्या कर्करोगावरील औषधासाठी नोव्हार्टिस या बहुराष्ट्रीय कंपनीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली आणि १ एप्रिल २०१३ रोजी ती तेथे हरली. हा विजय प्रत्येक सामान्य कुटुंबाचा होता.

हा विजय घरातूनच पोखरला जात असेल, तर काय करायचे?

१९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोगाने अन्न व औषध प्रशासनाची अनास्था आणि भ्रष्टाचार उघड केला. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष होते. पुढे २००३मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर समितीने औषध-नियंत्रणाची घडी नव्याने बसवून सबळ केंद्रीय यंत्रणा उभारण्याची शिफारस केली. तरीही २०२५मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके मृत्यूमुखी पडली. विष तेच होते! तामिळनाडूतील एका कारखान्यात बनलेल्या त्या औषधात हे विष ४८ टक्क्यांहून अधिक आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. एकोणचाळीस वर्षांत या देशाची नियंत्रण-यंत्रणा नेमके काय शिकली?

अशा घटनेनंतर दोन प्रकारचे वकील पुढे येतात. पहिला म्हणतो, ‘पाहा, स्वस्त औषध म्हणजे धोका, नावाजलेले व्यापारी नावच बरे.’ हा युक्तिवाद साफ खोटा आहे. छिंदवाड्यातील ते औषध व्यापारी नावानेच विकले गेले होते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मुलांच्या पोटात गेले होते. नाव ठळक छापल्याने बाटलीतील द्रव शुद्ध होत नाही. दुसरा वकील स्वदेशीचे वस्त्र पांघरून येतो. भारतीय औषधांविरुद्धची प्रत्येक तक्रार त्याला परकीय कारस्थान वाटते. बहुराष्ट्रीय कंपन्यांचे हितसंबंध आहेत, हे कोण नाकारील? परंतु छिंदवाड्याच्या मातांनी कोणत्या परदेशी कंपनीचे हित साधले होते? दोषी कारखानदाराला पाठीशी घालणे ही स्वदेशी नव्हे, तो स्वदेशीचा द्रोह आहे.

ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक नावे लिहिणे बंधनकारक केले आणि त्याच महिन्यात तो नियम स्थगित झाला. ‘आधी गुणवत्तेची हमी द्या,’ हे डॉक्टरांचे म्हणणे अयोग्य नव्हते. पण ही हमी केवळ जेनेरिकसाठी का मागायची? ती प्रत्येक गोळीसाठी, प्रत्येक बाटलीसाठी हवी. निर्मितीचे सुधारित नियम डिसेंबर २०२३मध्ये अधिसूचित झाले खरे. मात्र लहान व मध्यम कारखान्यांना ते पाळण्यासाठी २०२५च्या अखेरीपर्यंत सवलत मिळत गेली. त्याच वर्षी छिंदवाड्यात लहान मुलांच्या चिता पेटल्या.

मागण्या अवघड नाहीत. कच्च्या द्रावकाची प्रत्येक खेप वापरापूर्वी तपासली जावी. कोणत्याही राज्यात तपासणीचे निकष सारखेच कठोर असावेत. नापास औषधाचे आणि उत्पादकाचे नाव विनाविलंब जनतेपुढे यावे. मूळ औषधाइतकाच परिणाम होतो, हे प्रत्येक जेनेरिकने प्रयोगाने सिद्ध करावे. मग डॉक्टरांच्या लेखणीला सबब उरणार नाही आणि पंधरा हजारांहून अधिक जनऔषधी केंद्रांच्या दारात रुग्ण निःशंक मनाने उभा राहील.

परकीय मक्तेदारीशी लढून मिळवलेले स्वस्त औषध ही राष्ट्राची मिळकत आहे. तिच्यावर बाहेरचा डोळा आहेच. पण घरचा पहारेकरी झोपला, तर चोराला बाहेरून यावेच लागत नाही.