पवित्र गुरुवार : पाय कोणी कोणाचे धुवावे?

चैत्री पौर्णिमा म्हणजे हनुमान जयंती. २०२६ सालच्या पंचांगात ती २ एप्रिल, गुरुवार या दिवशी आहे, आणि त्याच तारखेस ख्रिस्ती बांधवांचा पवित्र गुरुवार आहे. हा योग वाटतो तितका अकारण नव्हे. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, असा पाश्चात्त्य चर्चचा गणिताचा नियम आहे. त्यामुळे त्याआधीचा सप्ताह कधी फाल्गुनी, तर कधी चैत्री पौर्णिमेच्या आसपास येतो. २०२४ साली झावळ्यांचा रविवार २४ मार्चला होता आणि त्याच रात्री आपल्या होळ्या पेटल्या. येशूने शिष्यांसह अखेरचे भोजन केले ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि तो सणही पौर्णिमेचाच.

हुडकेश्वरसारख्या, शेतांच्या जागी ले-आउट पडून वाढलेल्या वस्तीत निरनिराळ्या धर्मांची कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात. नाताळात शेजारून केक येतो, दिवाळीत आपल्याकडून फराळ जातो. ईस्टरपूर्वीच्या दिवसांविषयी मात्र बहुतेक हिंदू घरांत सुट्टीपलीकडे फारशी माहिती नसते. शुक्रवारचा वधस्तंभ निदान चित्रात तरी पाहिलेला असतो. गुरुवार त्याच्या सावलीत झाकला जातो. आम्हांस मात्र या गुरुवारात आपल्या आजच्या सार्वजनिक जीवनाला लागू पडणारा एक अवघड प्रश्न दिसतो, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाचा आहे. मरणाच्या आदल्या रात्री, भोजन चालू असता येशू उठला, वरचे वस्त्र उतरवून त्याने कमरेस रुमाल गुंडाळला, घंगाळात पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुऊन तो ते पुसू लागला. त्या काळी धुळीच्या वाटांवरून आलेल्या पाहुण्याचे पाय धुण्याचे काम घरातल्या गुलामाचे असे. पेत्र नावाचा ज्येष्ठ शिष्य संकोचला, नाही म्हणाला. हे तू करू दिले नाहीस तर तुझा माझ्याशी काही संबंध उरणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. पुढे येशूने शिष्यांना सांगितले की, तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत, एकमेकांवर प्रेम करावे. ही नवी आज्ञा. लॅटिनमध्ये आज्ञेला 'मान्दातुम' म्हणतात; इंग्रजीत या गुरुवाराला जे 'मॉन्डी' हे नाव पडले ते त्यावरूनच, असे सामान्यतः मानतात. एक तपशील सहसा सांगितला जात नाही. ज्या यहूदाने त्याच रात्री गुरूला पकडून दिले, तोही त्या पंगतीत होता आणि त्याचेही पाय धुतले गेले.

देवाने सेवक व्हावे, यात मराठी माणसाला नवल वाटण्याचे कारण नाही. पैठणास एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी वाहणारा भगवान आपल्या परिचयाचा आहे. जनाबाईसंगे दळणारा विठ्ठल तर घरोघरचा. भागवतातील राजसूय यज्ञाच्या कथेत अभ्यागतांचे पाय धुण्याचे काम श्रीकृष्णाने स्वतःकडे घेतले. तरीही दोन्ही परंपरांत एक फरक आहे आणि तो नजरेआड करू नये. श्रीखंड्याची ओळख पटली त्या क्षणी तो अंतर्धान पावला. सेवा टिकली ती ओळख लपली होती तोवर. योहानाने सांगितलेल्या प्रसंगात लपवाछपवी नाही. मी तुमचा गुरू आहे हे येशू स्पष्टपणे म्हणतो आणि गुरू राहूनच गुडघे टेकतो. नवविधा भक्तीत पादसेवन येते, परंतु तेथे चरण देवाचे असतात आणि हात भक्ताचे. हनुमंताचे दास्यही त्याच दिशेचे. गुरुवारचा विधी ही दिशा उलटी करतो. आपल्याकडे याला सर्वांत जवळचा विधी शोधायचा तर तो नवरात्रातील कन्यापूजनाचा. तेथे वडीलधारी माणसे चिमुरड्या मुलींचे पाय धुतात. मात्र देवी मानून.

दिशा उलटी करणे सोपे असते, ती उलटी टिकवणे कठीण. विधीचा इतिहास हेच दाखवतो. इंग्लंडचे राजे या दिवशी गरिबांचे पाय धूत असत. पुढे पाय धुणे मागे पडले आणि नाणी वाटणे तेवढे उरले. रोमन कॅथलिक चर्चने १९५५ च्या सुधारणेने हा विधी गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सेत आणला, पण पाय पुरुषांचेच असावेत असा नियम ठेवला. पोप फ्रान्सिस यांनी निवडीनंतर अवघ्या काही दिवसांनी, मार्च २०१३ मध्ये, रोममधील किशोरवयीन बंदींच्या कारागृहात जाऊन मुलींचेही पाय धुतले. जानेवारी २०१६ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून नियमच बदलला. त्याच वर्षी २४ मार्च रोजी रोमजवळच्या कास्तेलनुओवो दी पोर्तो येथील निर्वासित केंद्रात त्यांनी ज्यांचे पाय धुतले, त्यांत कॅथलिकांबरोबर कॉप्टिक ख्रिस्ती, मुसलमान आणि भारतातून आलेला एक हिंदू होता. केरळातील सिरो-मलबार चर्चने मात्र २०१७ मध्ये आपल्या परंपरेचा हवाला देऊन पुरुष व मुलगे यांच्यापुरताच विधी ठेवला. एका धर्मातही पाण्याला सर्वत्र सारखी वाट मिळालेली नाही.

आता आपल्या अंगणात पाहू. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशात एका आदिवासी तरुणावर लघुशंका केल्याचा किळसवाणा प्रकार उघडकीस आला, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी त्याला भोपाळला बोलावून त्याचे पाय धुतले. जून २०२४ मध्ये आपल्याच विदर्भात, अकोला जिल्ह्यातील वाडेगाव येथे, गजानन महाराजांच्या पालखीच्या दर्शनास गेलेल्या एका पुढाऱ्याचे चिखलाने भरलेले पाय कार्यकर्त्याने धुतले आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. तिन्ही ठिकाणी पाणी तेच, पाय तेच; पण पहिल्या दोन प्रसंगांत ते अधिकारावरून खाली वाहिले, तिसऱ्यात नेहमीच्या दिशेने. लोकांना तिसरे खटकले, हे लोकशाहीचे शुभलक्षण होय.

पहिल्या दोन प्रसंगांविषयी आमचे मत असे की, छायाचित्रकार हजर होते एवढ्यावरून त्यांना ढोंग म्हणू नये. येशूनेही ते बारा जणांसमक्षच केले. कसोटी दुसऱ्या दिवसाची आहे. मैला हाताने साफ करण्यास माणसे लावू नयेत, असा कायदा देशात २०१३ पासून आहे. तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरत राहिली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरवून द्यावी लागली. ज्याचे पाय पूजले त्याला दुसऱ्या दिवशी त्याच गटारात उतरावे लागत असेल, तर विधी अर्धाच राहिला. ही कसोटी चर्चलाही लागू आहे. दरवर्षी पाय धुणाऱ्या या चर्चच्या भारतातील बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना, आपल्या अंतर्गत अस्पृश्यता अजून नांदते आहे हे लेखी मान्य केले. मान्य केले, हे त्यांचे मोठेपण. मान्य करण्याची वेळ आली, हे दुःख.

नागपूरला हा विषय परका नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले, त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून चालू आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक धर्मांतरापूर्वी या शहरात राहिले होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाने लक्ष्मीबाईंच्या संसाराची जी उलथापालथ झाली ती 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊक आहे. तिच्याकडे डोळेझाक करून टिळकांचे गोडवे गाऊ नयेत. पण तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत, आणि त्यांत 'चरण' आलेच.

गुरुवारची मिस्सा आटोपली की वेदीवरची वस्त्रे, फुले, मेणबत्त्या उतरवतात. वेदी उघडी राहते. घंटा शनिवारच्या रात्रीपर्यंत मुक्या होतात. प्रसाद बाजूच्या वेदीवर नेऊन ठेवतात आणि भाविक त्यापुढे रात्री उशिरापर्यंत बसतात. आपला जागर म्हणावा तसा, पण मौनाचा. शुक्रवारी उपवास, आणि दुपारी तीनच्या सुमारास येशूच्या मरणाचे स्मरण. त्या दिवशी शेजाऱ्यांना शुभेच्छा देऊ नयेत, गोडधोड पाठवू नये. नावात 'शुभ' असले तरी दिवस सुतकाचा आहे. शुभेच्छा रविवारी, ईस्टरला द्याव्यात. गुरुवारी संध्याकाळी ते घराबाहेर पडताना दिसले, तर आपल्या मारुतीचा सुंठवडा हातावर ठेवण्यापूर्वी उपवास आहे का, एवढे विचारून घ्यावे.