वायर सुटली, पण…

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवले, तेव्हा वायरीचा प्रश्नच नव्हता. आज सांगली-साताऱ्याच्या गणेशोत्सवात, यात्रांत ऑर्केस्ट्रातला गिटारवाला कमरेला डबी लावून थेट प्रेक्षकांत उतरू शकतो. पायात वायर अडकत नाही, हे सुख मोठेच. पण डबी चालते रेडिओलहरींवर, आणि लहरींनाही मालक असतात! ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेकडे गेला. त्यावरचे जुने संच भर कार्यक्रमात खरखरू शकतात. (मिरजेच्या तंबोऱ्याला ही चिंता नाही.) दोष मात्र कलावंताच्या माथी, पुढची सुपारीही जाते. तेव्हा संच घेताना किमतीआधी फ्रिक्वेन्सी विचारावी, पिशवीत साधी वायर ठेवावी. मंडळांनीही आवाज तपासायला अर्धा तास द्यावा. हारतुऱ्यांना देतोच की आपण!