दुर्मिळ मृत्तिका आणि खडकांतील उष्णोदक

२०२५ सालच्या एप्रिल महिन्यांत चीननें सात 'दुर्मिळ मृत्तिका' धातूंच्या निर्यातीवर परवान्याचें बंधन घातलें, आणि तेव्हांपासून हें नांव आमच्या वाचकांच्या घरींही चहाच्या वेळीं ऐकूं येऊं लागलें. या धातूंवांचून मोटारींचे कारखाने अडतात, हें आतां सर्वांस ठाऊक झालें आहे. परंतु 'असे दुर्मिळ धातु आपल्या देशांत कोठून असणार ?' असा जो निःश्वास त्यासोबत टाकला जातो, तो आम्हांस रास्त वाटत नाहीं. त्यांत नांवानें होणारी फसगत आहे, आणि ती दूर करावी एवढाच आमचा आजचा हेतु आहे.

१७८७ सालीं स्वीडनमधील इटर्बी गांवच्या खाणींत कार्ल अरेनियस नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यास एक जड, काळा दगड सांपडला. योहान गाडोलिन यांनीं १७९४ सालीं त्यांतून एक अपरिचित 'मृत्तिका' निराळी काढली. सहजासहजीं न वितळणाऱ्या ऑक्साइडास त्या काळचे रसायनशास्त्रज्ञ मृत्तिका म्हणत. पुढें या कुळांतील सतरा मूलद्रव्यें ओळखलीं गेलीं. पण तीं खरोखर दुर्मिळ आहेत काय ? त्यांपैकीं सीरियम हें पृथ्वीच्या कवचांत जवळजवळ तांब्याइतकें आढळतें. आपल्या वडीलधाऱ्यांनीं लग्नाच्या वरातींत पाहिलेल्या ग्यासबत्तीच्या जाळींत थोरियमबरोबर अल्पांशानें हेंच सीरियम असे. अडचण आहे ती निराळी. हीं द्रव्यें सर्वत्र कणाकणानें विखुरलेलीं असतात. खणण्याजोगीं एकत्र आलेलीं क्वचितच सांपडतात.

तीं एकत्र येतात कशीं, हें समजण्यास कोंकणांतील मिठागर आठवावें. पाणी आटूं लागलें कीं मिठाचे दाणे प्रथम जमतात. ज्या क्षारांना त्या दाण्यांत जागा मिळत नाहीं, ते उरलेल्या कडू पाण्यांत दाटत जातात. भूगर्भांतही असेंच घडतें. खोल प्रावरणाचा खडक अगदीं अल्प प्रमाणांत वितळला, म्हणजे नेहमींच्या खनिजांत न सामावणारीं द्रव्यें त्या थोड्याशा रसांत उतरतात. त्या रसांत कर्बद्विप्राणिद विपुल असेल, तर त्यापासून पुढें कार्बोनेटाइट नांवाचा खडक बनतो. त्याचा निम्म्याहून अधिक भाग चुनखडीसारख्या कार्बोनेट खनिजांचा असतो. मात्र जन्म समुद्राच्या तळाशीं नव्हे, तप्त रसांतून. टांझानियांतील ओल्डोइन्यो लेंगाई हा असा रस ओकणारा आजचा एकमेव जागृत ज्वालामुखी होय. त्याचा काळा लाव्हा हवेंतील ओलाव्यानें थोड्याच काळांत पांढरा पडतो.

हा रस थिजत असतां कॅल्साइट, ॲपेटाइट हीं खनिजें आधीं जमतात, आणि शेवटीं उरतें तें क्षारयुक्त उष्णोदक. तें भेगांतून वाहूं लागतें. पूर्वीं शास्त्रज्ञांची अशी समजूत होती कीं, या पाण्यांतील फ्लोरिन दुर्मिळ मृत्तिकांना वाहून नेतो. अलीकडील प्रयोगांनीं ती बरीच फिरविली आहे. वाहून नेण्याचें काम मुख्यतः क्लोराइड आणि सल्फेट करतात. फ्लोरिन, कार्बोनेट व फॉस्फेट हीं त्यांना खालीं बसवितात. आम्ल उष्णोदकाची गांठ कॅल्साइटशीं पडली, कीं त्याची आम्लता ओसरते. वरून झिरपलेलें थंड पाणी मिसळलें, कीं उष्णता उतरते. आणि द्रव्यें पाण्याचा हात सोडून बॅस्टनेसाइटासारख्या खनिजांच्या रूपानें भेगांत बसतात. सर्वत्र असेंच घडतें असें मात्र नव्हे. अमेरिकेंतील माउंटन पास येथें, जेथें हा सांठा १९४९ सालीं युरेनियम शोधतांना हातीं लागला, बॅस्टनेसाइटाचा मोठा भाग थेट रसांतूनच थिजला आहे.

आतां निःश्वास टाकणाऱ्यांनीं गुजराथेंतील छोटा उदेपूर भागाकडे पाहावें. तेथील अंबा डोंगराच्या कंकणाकृति रांगेंत कार्बोनेटाइट असल्याचें सुखेश्वाला आणि उदास या भूशास्त्रज्ञांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलें. त्याचें वय सुमारें साडेसहा कोटि वर्षें. म्हणजे ज्या लाव्हानें आपल्या सह्याद्रीचे कडे रचले, त्याच महाउद्रेकाच्या काळांतील हा सोबती आहे. तेथें फ्लोराइटाचा मोठा सांठा आहे, आणि बॅस्टनेसाइटादि खनिजेंही आहेत. फ्लोराइटाच्या स्फटिकांत त्या प्राचीन उष्णोदकाचे सूक्ष्म थेंब अद्याप अडकलेले आहेत. ते तपासूनच शास्त्रज्ञ त्या पाण्याची उष्णता आणि क्षारता सांगतात.

येथें हुरळून जाण्याचेंही कारण नाहीं. कार्बोनेटाइटांत निओडिमियमसारखीं हलकीं द्रव्यें भरपूर असतात. चीननें त्या एप्रिलमध्यें अडविलीं तीं बहुतेक मध्यम आणि जड वर्गांतलीं. शिवाय हीं सतरा भावंडें स्वभावानें इतकीं सारखीं, कीं त्यांना एकमेकांपासून वेगळें करण्यास द्रावणांच्या शेंकडों पायऱ्या लागतात. आणि बहुधा सोबत किरणोत्सारी थोरियम येतो, त्याची निरवानिरव सांभाळून करावी लागते. चीनच्या बायान ओबो खाणीच्या खनिजाचा गाळ बाओटो शहरानजीकच्या विस्तीर्ण तळ्यांत सांठविला गेला आहे. खाण उघडतांना शेजारच्या विहिरींचा आणि शेतांचा विचार आधीं झाला पाहिजे, हें आम्ही आवर्जून सांगतों.

तेव्हां उणीव आहे ती दगडाची नव्हे, तो ओळखणाऱ्यांची आणि त्यांतील द्रव्यें निगुतीनें निवडणाऱ्यांची. आमच्या घरांतून मुलगा हुशार निघाला, कीं वैद्यकी अथवा यंत्रविद्या या दोनच वाटा त्याला दाखविल्या जातात. मुलीचीही गोष्ट तीच. हातोडा घेऊन डोंगर हिंडण्याची इच्छा कोणी बोलून दाखविली, तर वडील मंडळींनीं हंसण्यावारीं नेऊं नये, इतकीच आमची विनंति आहे.