जिन्नांच्या नावावर खपवलेली मजुरी

मस्कतमध्ये एसी बंद करून खिडक्या उघडायचे दिवस आले की मराठी मंडळींच्या ग्रुपवर तो मेसेज पडतोच : 'या शुक्रवारी बहला. हाँटेड आहे म्हणे. किती गाड्या?' मग थर्मासात चहा, डब्यात थालीपीठं, मागच्या सीटवर पेंगणारी पोरं आणि दोनशे किलोमीटरवर भुतं बघायला निघालेला ताफा. भुतं अर्थातच भेटत नाहीत. संध्याकाळी रील मात्र पडते, मागे कुठलंतरी गूढ संगीत लावून.

बहल्याला मीही जाते. भुतांसाठी जात नाही, आणि हे असलं पर्यटन मला निव्वळ पोरकट वाटत नाही, नीच वाटतं. का, ते एकदा सांगून टाकते.

ओमानमधल्या बहला गावाची कीर्ती जादूटोण्याची. गावाभोवतीची बारा-एक किलोमीटरची भिंत जिन्नांनी एका रात्रीत उभी केली, असं सांगतात. बाजारातलं झाड जिन्नांनी पळवून नेऊ नये म्हणून साखळदंडाने बांधलं होतं, हीसुद्धा कथा आहे. ऐकायला मजा येते, नाही कशाला म्हणू? पण समोरचा किल्ला बघा. दगडी पायावर कच्च्या विटांचे मजल्यांवर मजले चढवलेले. बाराव्या ते पंधराव्या शतकात इथे बनू नभान घराण्याची सत्ता होती आणि त्या काळात या ओअॅसिसची भरभराट झाली. १९८७ साली युनेस्कोने किल्ला जागतिक वारसा यादीत घेतला आणि पुढच्याच वर्षी 'धोक्यातील वारसा' म्हणून त्याची वेगळी नोंद केली. कारण प्रत्येक पावसात मातीच्या भिंती थोड्या थोड्या वाहून जात होत्या. मग वर्षानुवर्षं डागडुजी. धोक्याच्या यादीतून नाव निघायला २००४ उजाडलं, आणि लोकांसाठी दारं उघडली २०१२ साली.

म्हणजे जिन्नांनी एका रात्रीत बांधलेलं सावरायला माणसांना वीस-पंचवीस वर्षं लागली! जिन्नांचं काम इतकं कच्चं होतं का? की ते मुळात माणसांचंच होतं, पाठ मोडेस्तोवर चिखल तुडवणाऱ्या, विटा पाडणाऱ्या, उन्हात वाळवणाऱ्या माणसांचं?

ओमानच्या फलजांचंही तेच. डोंगराखालचं पाणी जमिनीच्या पोटातून, अगदी बेताच्या उतारावर, पंपाशिवाय खजुरीच्या बागांपर्यंत आणणारे हे पाट. आजही सुमारे तीन हजार वाहते आहेत. त्यातले पाच, निझव्याचा फलज दारिस धरून, २००६ मध्ये जागतिक वारसा ठरले. उतार जरा कमी पडला तर पाणी तुंबणार, जास्त झाला तर काठ खचणार. पाण्याची वाटणी वेळेवर : दिवसा सावली मोजून, रात्री तारे पाहून. एवढं गणित, एवढा घाम, आणि दंतकथा काय सांगते? सुलेमान पैगंबर आले आणि त्यांच्या हुकमावरून जिन्नांनी दहा दिवसांत दहा हजार फलज खणले. बोगद्यात दिव्याच्या उजेडात ओणवा होऊन माती उपसणारा माणूस खलास. हुकूम देणारा तेवढा लक्षात राहिला.

आपण हसण्याच्या लायकीचे नाही. 'पांडवांनी एका रात्रीत बांधलं' हे आपलं ठरलेलं उत्तर. नाशिकच्या लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणून मोकळे झालो, आणि भिंतींवर दात्यांचे शिलालेख धडधडीत कोरलेले आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दार केल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षं दगडावर एका कारागिराचं नाव टिकलं, आणि आमच्या सहली त्याच्यासमोर उभ्या राहून पांडवांना श्रेय देऊन वडापाव खायला जातात.

कोणी म्हणेल, अहो, ओमानी लोक स्वतःच या गोष्टी सांगतात. सांगतात ना. बहल्याची आजी नातवंडांना सांगते तेव्हा ते तिचं घर, तिची गोष्ट असते. जिन्न हा तिच्या धर्मश्रद्धेचाही भाग आहे. आपण जातो ते खिदळत, गिऱ्हाईक म्हणून, 'जिन्न किधर है भाई' असं किल्ल्याच्या दारावरच्या माणसाला विचारत. आणि परत येऊन नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतो. श्रद्धेची टिंगलही करायची आणि लिंबूही सोडायचं नाही, हा चावटपणा आहे.

आणि जिन्नांच्या गोष्टी सांगतो म्हणून ओमानी माणूस भित्रा नाही. येमेनमधल्या बरहूतच्या विवराला 'जिन्नांचा तुरुंग' म्हणतात. २०२१ मध्ये ओमानच्याच गुहाशोधकांचा चमू दोर सोडून तळाशी, शंभर मीटरहून खोल, उतरला. तिथे साप निघाले, मेलेली जनावरं निघाली, धबधबे निघाले. तुरुंग काही निघाला नाही.

पुण्याकडे वळू, कारण भुतांच्या या व्यापाराचा सगळ्यात ओंगळ नमुना आपल्याकडेच आहे. शनिवारवाड्यावर पौर्णिमेच्या रात्री 'काका मला वाचवा' ऐकू येतं म्हणे. ३० ऑगस्ट १७७३ ला अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा खून झाला. गारद्यांनी तो केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याच्या काकाला, राघोबादादाला, दोषी ठरवलं. गोष्ट आहे ती ही : सत्ता, कट, आणि सत्तेच्या तोंडावर निकाल देणारा न्यायाधीश. भूतवाल्यांनी त्यातली फक्त किंकाळी ठेवली. खुनी गेला, निकाल गेला, उरलं अंगावर शहारे आणणारं ध्वनिमुद्रण.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ओंकारेश्वराजवळचा महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल आहे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी तिथे अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्या खुनानंतर कुठे सरकारला जादूटोणाविरोधी अध्यादेश काढायची जाग आली. २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. सूत्रधार म्हणून उभा केलेला आरोपी पुराव्याअभावी सुटला. पुण्यात थरकाप उडवणारी जागा हवी असेल तर ही आहे. इथे रात्री टॉर्च घेऊन कोण येणार? इथली भीती मजेची नाही.

आखातातही खऱ्या भीतीला तोटा नव्हता. २०२१ पर्यंत ओमानमध्ये जुन्या मालकाच्या एनओसीशिवाय दुसरी नोकरी धरणं मुश्कील होतं. त्या एका कागदाला जितकी माणसं भ्यायली असतील तितकी बहल्याच्या सगळ्या जिन्नांना मिळून भ्यायली नसतील. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे, म्हणून कामं पहाटे चालतात, दिव्यांच्या झोतात रात्री चालतात. सकाळी तुम्ही ऑफिसला निघता तर काल उखडलेला रस्ता डांबर पडून तयार. रातोरात! केला कोणी? तेलंगणाच्या, बिहारच्या, बांगलादेशच्या कोणीतरी, ज्याचं तोंड तुम्ही कधी पाहिलं नाही आणि ज्याची लेबर कॅम्पातली खोली कुठे आहे हे तुम्हाला माहीत नाही. दोनशे वर्षांनी तोही जिन्न ठरेल, आणि तुमची खापरपणतवंडं त्याला शोधायला गाड्या काढतील.

तेव्हा बहल्याला जरूर जा. पोरांना घेऊन जा. भिंतीच्या मातीत मिसळलेला भुसा दाखवा, गावात अजून चाक फिरवणारे कुंभार आहेत त्यांच्याकडून एखादं भांडं घ्या, आणि किल्ल्याच्या दारावरच्या माणसाला भूत कुठे आहे ते विचारू नका. भिंत शेवटची कोणी लिंपली, ते विचारा.